हातानं ओढलेला वास

तायडे मॅडम चहासुद्धा आधी हुंगायच्या. कप नाकाशी न्यायच्या नाहीत. कप टेबलावर ठेवायचा, त्याच्यावर उजव्या हाताचा पंजा जरा वाकवून धरायचा आणि वाफ हळूच आपल्याकडे ओढायची. मग क्षणभर थांबून मान हलवायची आणि चहा प्यायचा. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं एकच कँटीनवाला चहा आणायचा, आणि तो चहाच आहे याबद्दल निदान पिण्याआधी तरी कुणाला शंका नसायची. मी एकदा म्हटलं, "मॅडम, हा काय विष घालणार? साखर घालताना याच्या जिवावर येतं." त्या म्हणाल्या, "गावंडे सर, विष कोनी घालाच लागते असं नाई. बाटली चुकली तरी पुरते."

मी मराठीचा प्राध्यापक. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीला सुटला आणि त्याचं दुःख दोघांनाही झालं नाही. पण विशाखा तायडे या बाईंशी माझी दोन ठिकाणी भिंतीला भिंत होती. कॉलेजात त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून, आणि अमरावतीच्या आमच्या कॉलनीत त्यांचं घर माझ्या घराला लागून. अंगानं काटकुळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, पदराला ॲसिडनं पडलेली बारीक भोकं, आणि मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "टाइम भेटला नाई." हे त्या इतक्या सहज म्हणायच्या, की विचारणारालाच आपण रिकामटेकडे आहोत असं वाटायचं.

कॉलेजातली भिंत त्यांच्या आवाजाला मान्य नव्हती. मी इकडे विरहाची कविता शिकवत असायचो, मुलींचे डोळे नुकतेच पाणावायला लागलेले असायचे, आणि पलीकडून यायचं, "दोन हातवाला लय बेकार." माझा अख्खा वर्ग हसायचा. त्या काय शिकवतात हे ऐकून ऐकून मलाच पाठ झालं. अल्कोहोल म्हणजे दारू एवढंच नाही, ते एक मोठं खानदान आहे, हा त्यांचा पहिला धडा. मग त्या मुलांना उभं करायच्या. प्रत्येक मूल म्हणजे एक कार्बन, शेजारच्याचा हात धरून. ज्याला त्या खूण करतील त्यानं मोकळा हात वर करायचा. दोन मुलं आणि एक हात वर, की ते दारूतलं अल्कोहोल, चढते. दोन मुलं आणि दोघांचेही हात वर, की ते ग्लायकॉल. चवीला गोड, पाकासारखं दाट, वास जवळजवळ नाहीच. गाडीचं इंजिन उकळू नये म्हणून रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट टाकतात ते हेच, आणि पोटात गेलं तर जीव घेते. तीन मुलं आणि तिघांचे हात वर, की ग्लिसरीन. तेही गोड, पण ओठाला लावा, जिभेवर गेलं तरी काही करत नाही.

"एक हात नशा, दोन हात जहर, तीन हात मलम," असं पोरं कॉरिडॉरमधून म्हणत जायची. एका वर्षी एका मुलीनं उठून विचारलं, की औषधात घालतात ते प्रोपिलीन ग्लायकॉलही दोनच हातांचं असतं, मग ते कसं चालतं? भिंतीपलीकडून मला मॅडमचा खूश झालेला आवाज ऐकू आला. "शाब्बास. तिथं एक कार्बन जास्त आहे. एक कार्बन वाढला तर अंगात गेल्यावर त्याचं दुसरंच होते. हात मोजून कोनाचा स्वभाव कळत नाई, हे लिहून घ्या." माझ्या वर्गातल्या दोघा-तिघांनीही ते लिहून घेतलं.

त्याच तासाच्या शेवटी त्या एक गोष्ट सांगायच्या. ग्लायकॉल स्वतः मारत नाही. लिव्हर त्याला मोडायला घेते, आणि मोडून जे ॲसिड निघतं ते मारतं. त्याचे ऑक्सलेटचे खडे किडनीत जाऊन बसतात. पण लिव्हरमधलं जे एन्झाइम ग्लायकॉल मोडतं, तेच दारूही मोडतं, आणि दोन्ही समोर आले तर ते आधी दारूच्या मागे लागतं. तेवढ्यात ग्लायकॉल न मोडता लघवीवाटे निघून जातं. यावर दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचंच, "म्हणजे मॅडम, दारू औषध झाली ना?" मग मॅडम म्हणायच्या, "डॉक्टरनं देली तर औषध. बाकी माह्या वर्गात तिचं कौतुक नाई चालनार."

हे त्या नुसत्या शिस्तीपोटी म्हणत नव्हत्या. त्यांचं मूळ गाव बार्शीटाकळी. वडील मजुरीला जायचे आणि मजुरी संध्याकाळी गुत्त्यावर ठेवून यायचे. "बाप घरी याच्या आधी बापाचा वास याचा," हे त्यांनी माझ्या बायकोला, सुनंदाला, एकदा सांगितलं होतं. त्या वासानं त्यांना मोठेपणीसुद्धा मळमळायचं. लग्नाच्या वरातीत कुणी पिऊन जवळून गेलं तर त्या पदर नाकाला लावून रस्ता ओलांडायच्या. आई लवकर गेली. मागे राहिला धाकटा भाऊ मिलिंद, आणि त्याला वाढवण्यात मॅडमचा तो सगळा टाइम गेला.

त्यांच्या घरात कुठलीही बाटली, डबा, बरणी बिनालेबलाची नव्हती. निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात: मीठ. साखर. खायचा सोडा. धुण्याचा सोडा. सुनंदानं लोणचं दिलं की त्या बरणीवरही तासाभरात कागद चिकटायचा: आंब्याचं लोणचं, शेजारचं. मी चेष्टा केली, की देवळीतल्या बुद्धमूर्तीला तेवढं लेबल राहिलं. त्या म्हणाल्या, "त्यायले कोन दुसरं समजून पिऊन टाकनार आहे?" त्यांचं म्हणणं असं, की लॅबमध्ये माणूस ॲसिडनं भाजत नाही, लेबल नसलेल्या बाटलीनं भाजतो. मिलिंदला त्यांनी लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती: लेबल वाचल्याबिगर काही तोंडाले लावजो नोको. तो हे वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचा आणि त्या हसायच्या.

हिवाळ्यात ओठ फुटले की आमच्या कॉलनीतल्या बाया त्यांच्याकडे जायच्या. तपकिरी बाटलीतून त्या ग्लिसरीन द्यायच्या आणि वर बोलणी द्यायच्या. ते कोरड्या ओठाला लावायचं नाही. ग्लिसरीनला पाण्याची हाव. बाहेर मिळालं नाही तर ते तुमच्याच ओठातलं पाणी ओढून घेईल. आधी ओठ ओले करा, मग लावा. उन्हाळ्यात हेच प्रेम सरबताचं रूप घ्यायचं. वाळा भिजवून, साखर घालून, चिमूटभर हिरवा रंग टाकून त्या खसचं सरबत करायच्या. जुन्या काचेच्या बाटल्या उकळत्या पाण्यानं धुऊन त्यात भरायच्या. वर लेबल: खस सरबत, पाणी घातलेलं आहे. दोन बाटल्या आमच्याकडे, दोन मिलिंदच्या गाडीत.

मिलिंद परतवाडा ते धारणी काळीपिवळी चालवायचा. मेळघाटातला तो रस्ता, ते घाट, जीपमध्ये कोंबलेली माणसं, टपावर बकरी. उंच, देखणा, बोलायला गोड. आणि बापाच्या वळणावर गेलेला. बायको त्याच्या पिण्याला कंटाळून माहेरी गेली ती परत आली नाही, रीतसर सुटका करून घेतली. तिला मॅडमनी एका शब्दानं दोष दिला नाही. भावाला मात्र त्यांनी धरून ठेवलं. दवाखाने झाले, शपथा झाल्या, मोडल्या. शेवटी एका बुद्धपौर्णिमेला तो स्वतःहून विहारात जाऊन उभा राहिला आणि पंचशील घेताना दारू न पिण्याच्या पाचव्या शीलापाशी त्याचा आवाज फुटला. त्या दिवसापासून त्यानं थेंब घेतला नाही.

पण ताई ती ताईच. तो अमरावतीला आला की चप्पल काढण्याआधी दारात उभा राहायचा, मान खाली वाकवायचा आणि दवाखान्यातल्या पेशंटसारखा तोंड उघडून "आऽ" करायचा. मॅडम त्याच्या तोंडासमोर पंजा वाकवून वास आपल्याकडे ओढायच्या, अगदी चहाचा ओढतात तसाच. "सुपारी," त्या म्हणायच्या. किंवा "कांदाभजं." किंवा "दात घासत जाय." आणि मग आत घ्यायच्या. आमच्या गच्चीवरून आम्ही हे किती वेळा पाहिलं असेल. वास नाही असं कळल्यावर त्यांच्या तोंडावर जे यायचं ते पाहायला सुनंदा हातातलं काम टाकून कठड्याशी यायची.

अशी दोन-तीन वर्षं गेली आणि मॅडमनी त्याच्या लग्नाचं मनावर घेतलं. अकोल्याचं स्थळ होतं. कविता नावाची शाळामास्तरीण, नवरा आजारपणात गेलेला. तिनं आधीच सगळं विचारून घेतलं होतं आणि मॅडमनी काही लपवलं नव्हतं. पीत होता, आता पीत नाही, मी जामीन आहे, असं त्यांनी फोनवर सांगितलं. मेमधल्या एका रविवारी ती, तिचे वडील आणि मामा चार वाजता बघायला यायचे होते. मॅडमनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. सुनंदाकडून पडदे मागून नेले. मला मिलिंदच्या बाजूनं वडीलधारं माणूस म्हणून बसवलं आणि कविता म्हणायची नाही अशी तंबी दिली.

पाहुणे वेळेवर आले. कूलर घरघरत होता, ट्रेमध्ये खसचे हिरवे ग्लास होते, कविता शांतपणे देवळीतल्या मूर्तीकडे पाहत होती. मिलिंद आला तो चार वाजून गेल्यावर. आकाशी नवा शर्ट, गुळगुळीत दाढी. फाटकातून आत येताना तो पायरी चुकला. ग्रिल धरून सावरला आणि स्वतःशीच हसला. "जयभीम," तो म्हणाला, पण जीभ जड होती, आणि ते त्याच्या लक्षात आलं म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, आणखी जड. खुर्चीत बसताना त्याचा हात ट्रेला लागला आणि एक ग्लास आडवा झाला. हिरवं सरबत टेबलावरून कविताच्या वडिलांच्या धोतरावर गेलं.

मामा उठले आणि म्हणाले, "निंगतो आमी, मॅडम. गाडी भेटाले पाह्यजे." कविता क्षणभर मिलिंदकडे पाहत राहिली, मग तिनं आडवा झालेला ग्लास उचलून सरळ ठेवला आणि वडिलांच्या मागे गेली. मी त्यांना रिक्षा बघून द्यायला निघालो. दाराशी पोचेपर्यंत मला मागचं ऐकू येत होतं.

"ताई, म्या नाई घेतली. खस पेलो फक्त. तुह्याच हातचं."

"आता खसचं नाव सांग."

"हुंगून पाय ना, ताई."

मी वळून पाहिलं. तो नेहमीसारखा मान वाकवून उभा होता, डुलत, तोंड उघडून. मॅडमनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. "जाय इथून," त्या म्हणाल्या. त्यांचा तो भिंत न मानणारा आवाज त्या दिवशी एवढासा होता. "शुद्धीवर आला की तोंड दाखवजो." मी पाहुण्यांना रिक्षात बसवून परत आलो तेव्हा दार बंद होतं आणि मिलिंद आमच्या कंपाउंडला हात लावत लावत कोपऱ्यावर वळत होता. झोपेल, उतरेल, असंच मला वाटलं. ज्यांनी त्याला पाहिलं त्या सगळ्यांनाच तसं वाटलं.

सकाळी गजूचा फोन आला. गजू म्हणजे मिलिंदचा गॅरेजवाला मित्र. अमरावतीत आला की मिलिंद गाडी त्याच्याकडेच लावायचा. आदल्या दिवशी तिथंच त्यानं अंघोळ केली होती आणि रात्री तिथंच जीपमध्ये झोपला होता. आता त्याला धाप लागली होती, उलट्या होत होत्या, माणसं ओळखत नव्हता. मी मॅडमना स्कूटरवर घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टर होता. त्यानं विचारलं, "काल किती घेतली होती?" मॅडम म्हणाल्या, "मले नाई माहीत. मी हुंगलं नाई."

डॉक्टर पुन्हा आला तो कपाळाला आठ्या घालून. "मॅडम, रक्तात ॲसिड फार वाढलंय. नुसत्या दारूनं इतकं होत नाही. आणि लघवीत ऑक्सलेटचे स्फटिक दिसताहेत, ढीगभर."

मला त्या शब्दाचा अर्थ कळायला वेळ लागला. त्यांना लागला नाही. त्या गजूकडे वळल्या. "काल गाडीत कूलंट टाकलं तू?"

"हो ताई. घाटात लय गरम झालती गाडी."

"उरलेलं कायच्यात ठेवलं?"

"सीटवर रिकामी बाटली होती, ताई. तुमची खसची. वाटंत लागलं तर असावं म्हून तिच्यात ओतून ठेवलं. मी मंग दुसऱ्या गाडीखाली होतो." मिलिंद अंघोळ करून तहानलेला आला असणार. सीटवर बाटली होती, आत हिरवं होतं. त्यानं लेबल वाचलं असणार. वाचल्याबिगर तो काही तोंडाला लावत नसे. अक्षर ताईचं होतं. आणि प्यायला तर ते गोडही होतं.

मॅडम डॉक्टरला म्हणाल्या, "इथिलीन ग्लायकॉल आहे. त्याले दारू द्या." आजूबाजूचे नातेवाईक बाईचं डोकं फिरलं अशा नजरेनं पाहायला लागले. डॉक्टरनं ते ओळखलं होतं, पण तो गडबडला होता. यावरचं खास इंजेक्शन इथं मिळत नाही, डायलिसिसची तयारी चालली आहे, मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आहे, असं तो सांगत होता. मॅडमनी माझा हात धरला. "चला, सर."

दारूच्या दुकानापुढे सकाळीही रांग होती. पांढरी साडी नेसलेल्या तायडे मॅडम त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या आणि रांगच विस्कटली. दोन जण त्यांचे जुने विद्यार्थी निघाले, ते तोंड लपवून बाजूला झाले. त्या काउंटरवर गेल्या आणि म्हणाल्या, "बिनरंगाची द्या. कडक पाह्यजे." दुकानदारानं बाटली कागदात गुंडाळली. त्यांनी तो कागद काढला आणि तिथंच उभं राहून लेबल वरपासून खालपर्यंत वाचलं. परत येताना ती बाटली त्यांनी न झाकता मांडीवर धरली होती, आणि सगळं अमरावती आमच्याकडे पाहत होतं.

डॉक्टर आम्हाला व्हरांड्यातच भेटला. चांगला मुलगा होता, त्यानं त्यांना आधी बसवलं. "मॅडम, मोठ्या डॉक्टरांशी बोललो. सोळा-अठरा तास होऊन गेलेत. ग्लायकॉल अंगात उरलंच नसेल आता, सगळं मोडून झालंय. दारू देऊन आता अडवायचं काय?" हेच त्या दरवर्षी शिकवत आल्या होत्या. त्यांनी मान हलवली, चहा हुंगल्यावर हलवायच्या तशी. डायलिसिस झालं, पुन्हा झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी मिलिंद गेला. बाटली बाकाखाली तशीच राहिली, बूच न उघडलेली.

मातीला धारणीकडची माणसं आली होती. काळीपिवळीच्या ड्रायव्हरांनी गाड्या बंद ठेवल्या होत्या. अकोल्याहून कविता एकटीच आली, लांब उभी राहिली आणि निघून गेली. गजूनं मॅडमच्या पायावर डोकं ठेवलं आणि तो उठेना. त्यांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. "तुही चूक नाई, गजू. बाटलीवर अक्षर माह्यं होतं."

पंधरा दिवसांनी सुनंदा डबा घेऊन त्यांच्याकडे गेली ती रडत परत आली. स्वयंपाकघरातली सगळी लेबलं मॅडमनी काढून टाकली होती. बरण्यांवर नुसत्या डिंकाच्या खुणा होत्या. मीठ की साखर हे त्या चिमूट जिभेवर ठेवून बघायच्या. मी गेलो तेव्हा त्यांनी मला चहा दिला आणि माझ्यासमोर बसल्या. हुंगला नाही. मग म्हणाल्या, "सर, तो खरंच पिऊन आला असता, तर जगला असता." मी भाषेचा माणूस, तीस वर्षं शब्दांवर पोट भरलं. मला एक शब्द सुचला नाही. आजही सुचत नाही.

त्या वर्षी तो धडा आला तेव्हा मी माझ्या वर्गाला वाचायला लावलं आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. एक हात झाला. दोन हात आले. मला वाटलं, सोडून देतील. पण त्या बोलल्या. "हे पोटात गेलेला माणूस डोलते. बरळते. पायरी चुकते. पिलेल्या मानसासारखंच दिसते सगळं. फरक एकच, वास येत नाई. म्हणून आधी हुंगायचं. तो तुमचा कोनी का असेना, त्यानं तुमच्या चार मानसात किती का शोभा केली असेना, आधी हुंगायचं. मंग रागवायचं." त्या तासाला मागच्या बाकावरून कुणी काही विचारलं नाही.

आणि त्यानंतर त्यांना ती सवय लागली, जिच्यामुळे लोक त्यांना वेडी म्हणायला लागले. रस्त्यात कुणी दारुडा पडलेला दिसला की त्या थांबायच्या. रिक्षातून जात असल्या तर उतरायच्या. त्याच्यापाशी बसायच्या आणि तोंडासमोर पंजा वाकवून वास ओढायच्या. ज्या वासापासून त्या आयुष्यभर पदर लावून पळाल्या, तो शोधायला आता त्या गटाराकाठी वाकायच्या. पोरं लांबून शिट्या मारायची. प्राचार्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की जरा समजवा, कॉलेजचं नाव जातं. मी त्यांना काय समजावणार? मी प्राचार्यांनाच चार शब्द सुनावले, ते मात्र सुचले.

एकदा भाजीबाजारात पडलेल्या एका माणसाच्या तोंडाला वास आला नाही. लोक त्याला ओलांडून जात होते. मॅडमनी आरडाओरडा करून त्याला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. साखर उतरली होती त्याची. तासाभरात शुद्धीवर आला, त्याची बायको मॅडमच्या गळ्यात पडून रडली. मला वाटलं, यानं त्यांचं मन जरा हलकं होईल. संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या, पानावर बसल्या आणि घास हातात धरून बसून राहिल्या. "हुंगाले कितीसा वेळ लागते, सर?" त्या म्हणाल्या. "एवढाच लागते." आणि त्यांनी रिकामा पंजा स्वतःकडे ओढून दाखवला. सुनंदा उठून आत गेली.

निवृत्तीनंतर त्यांनी अमरावतीचं घर विकलं आणि अकोल्याला एका लांबच्या भाचीजवळ खोली घेऊन राहिल्या. फोन व्हायचे, मग कमी झाले. मागच्या उन्हाळ्यात मी बाळापूरला गावी निघालो होतो. अकोल्याच्या स्टँडवर गाडी बदलून खिडकीशी बसलो, आणि समोरच्या फलाटावर गर्दी दिसली. मधे एक माणूस पडला होता, एक चप्पल पायात, एक लांब. त्याच्यापाशी गुडघे टेकून बसल्या होत्या त्या. केस पूर्ण पांढरे, हात काडीसारखे, ते मोठं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकलेलं.

"उठा ना बाई, बेवडा हाय तो," कुणीतरी म्हणालं.

"मले पाहू द्या."

त्यांनी पंजा वाकवला. त्या माणसाच्या तोंडावरची हवा त्यांनी आपल्याकडे ओढली, थांबल्या, पुन्हा ओढली. आमच्या ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. मी खिडकीतून हाक मारणार होतो, पण त्यांचा चेहरा वर झाला आणि मी तसाच राहिलो. मिलिंद दारात "आऽ" करून उभा राहायचा तेव्हा जो चेहरा पाहायला सुनंदा कठड्याशी यायची, तोच होता.

"दारू हाय," त्या लोकांना सांगत होत्या. "दारूच हाय. झोपू द्या त्याले." मग त्यांनी लांब पडलेली चप्पल आणून त्याच्या पायाशी ठेवली, आणि आमची गाडी स्टँडच्या बाहेर पडली.